मामांचा टेका

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर त्रेसष्ट विटा आहेत. मी मोजल्या, कारण त्यांच्याबद्दल तक्रार आली तेव्हा सोसायटीचा सचिव मीच होतो. शेजारच्या प्लॉटवर जुनी इमारत पाडली, तिथल्या राडारोड्यातून आमचे वॉचमन मामा रोज एक वीट वर नेत असत. टाकीचा व्हॉल्व्ह सोडायला त्यांना रोज सकाळी गच्चीवर जावं लागे. लिफ्ट चालू होती, पण मामा लिफ्टमध्ये पाय ठेवत नसत. आणि पाच मजले रिकाम्या पाठीने चढत नसत.

तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षकांनी जिन्यात कागद लावला: ‘ज्यांना विटा साठवण्याचा छंद आहे त्यांनी त्या स्वतःच्या घरी साठवाव्यात.’ मामांना वाचता येत नव्हतं. मी त्यांना कागदाचा अर्थ सांगितला तेव्हा ते म्हणाले, मास्तरांचं बरोबर आहे, पण रिकामं चढलं की पाय सैल पडतात. मी म्हटलं, मामा, हा डोंगर नाही. ते म्हणाले, “पाच माळ्यांचा हाय न्हवं, साहेब. ल्हान हाय, पर हाय.”

मामा आता आमच्या गेटवर नाहीत. मामी गेल्या आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी त्यांनी काम सोडलं. ते विश्रांतवाडीला मुलीकडेच असतात. माझा फोन ते उचलत नाहीत, आणि त्यांनी तो का उचलावा, याचं कारण मलाही सापडत नाही. त्यांचं घर मी घालवलं. हे मी कुणावर उपकार म्हणून किंवा मन हलकं करायला लिहीत नाही. जे झालं ते क्रमाने लिहिलेलं असावं, एवढंच.

मामांची आणि माझी ओळख कोथरूडच्या या सोसायटीतली नाही. पुण्यापासून गाडीने दोन तासांवर एक किल्ला आहे. वर रस्ता जात नाही. आम्ही आठ जण, सगळे चाळिशी-पन्नाशीचे नोकरदार, दर दुसऱ्या रविवारी तिथल्या खडकातल्या पाण्याच्या टाक्यांमधला गाळ काढायला जायचो. घमेली, फावडी, दोर, पुढे चुना आणि वाळूची पोती वर न्यावी लागायची. डोंगराच्या निम्म्यात पाच घरांची वस्ती होती. तिथले मामा आमची ओझी वाहायचे. आमच्या आधी किल्ल्यावरच्या देवळाचं सामान, वायरलेसच्या खांबाचं लोखंड, पाय मोडलेली कॉलेजची मुलं, असं सगळं त्यांनीच चढवलं-उतरवलं होतं. वय त्यांना ठाऊक नव्हतं. आधार कार्डावर एक जानेवारी लिहिलेली होती. माझ्या अंदाजाने ते बासष्टचे असावेत.

त्या भागातले सगळे ओझं डोक्यावर घेतात. मामा पाठीवर घ्यायचे. एक दोर, दुहेरी घडीचं गोणपाट आणि छातीवर एक गाठ. डोक्यावर ओझं असलं की मान हलत नाही, मग आजूबाजूला बघायचं कसं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना डोंगर बघत चढायला आवडायचं.

मी पहिल्याच दिवशी नियम केला, की एका खेपेला पंचवीस किलोच्या वर ओझं द्यायचं नाही. माझ्याकडे ताणकाटा होता. प्रत्येक पोतं मी काट्याला अडकवून बघायचो. मामांना त्याची गंमत वाटली. त्यांनी विचारलं, पंचवीस म्हणजे किती? मग ते पोतं नुसतं पाठीला लावून म्हणाले, “ही गाभण शेळी हाय.” मी मोजलं. एकतीस किलो भरलं. पुढचं पोतं त्यांनी तसंच पाठीला लावलं आणि म्हणाले, हे तीन वर्षांचं पोर आहे, झोपलेलं. चौदा किलो. मी विचारलं, झोपलेलं का? ते म्हणाले, “जागं पोर सोताला धरून आसतं. झोपलं की समदं तुमच्यावर येतं.”

मी हे वहीत लिहून ठेवायला लागलो. शेळी, गाभण शेळी, पाडस, पाण्याने भरलेला हंडा, झोपलेलं पोर, जागं पोर. बावीस वेळा पडताळून पाहिलं. त्यांची चूक सातशे ग्रॅमच्या वर कधी गेली नाही. मी बँकेत पंचवीस वर्षं आकड्यांत काढली आहेत, इतका विश्वासू आकडा मी माणसाकडून क्वचित ऐकला. त्यांनाही माझ्या काट्याबद्दल तसंच वाटत असावं, कारण एकदा ते कुणाला तरी सांगत होते, की साहेबांचा काटा माझ्या पाठीसारखा आहे, लबाडी करत नाही.

पाठीवरचं ओझं मामा वाटेत कधीही जमिनीवर ठेवत नसत. एकटा माणूस खाली ठेवलेलं ओझं परत पाठीवर घेऊ शकत नाही, आणि डोंगरात हात लावायला कोण असतं? म्हणून ते ओझं टेकवायचे. कमरेच्या उंचीचा खडक, झाडाचं खोड, मातीचा कठडा, त्याला पाठ करून ओझं टेकवायचं, दरीकडे तोंड करून चार श्वास घ्यायचे आणि निघायचं. अशा जागेला ते टेका म्हणायचे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत त्यांचे अकरा टेके ठरलेले होते. उंबराच्या टेक्यावर एकदा वाघ बसलेला होता. तिकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. मामा पाठीवर चुन्याचं पोतं घेऊन वीसेक पावलं खाली तसेच उभे राहिले. तो उठून गेला, मग हे जाऊन टेकले. भीती नाही वाटली का, म्हणून मी विचारलं. म्हणाले, “त्यो बी दमला आसंल. जागा एकच हाय.”

मामींना मी पहिल्यांदा पाहिलं ते दारात शेळीचं दूध काढताना. बारीक, ताठ बाई. जिभेला धार. मामांबद्दल त्या म्हणायच्या, “ह्यास्नी ओझ्याबिगर झोप लागत न्हाय, दादा. उशाला पाटा देते म्हणून घोरत्यात.” मामा हे ऐकून खाली मान घालून हसायचे. दर आठवड्याच्या बाजाराहून दोघं वर येत तेव्हा मामी पुढे चालत. पाठीवर ओझं घेऊन वाकलेल्या माणसाला समोरच्याचे पाय तेवढे दिसतात. मामांनी मला एकदा सांगितलं, की चाळीस वर्षं मी हिच्या टाचा बघत डोंगर चढलोय, तोंडापेक्षा टाचाच जास्त ओळखीच्या आहेत.

आणि ओझं नसलं तरी ते पायथ्याचा एखादा धोंडा पाठीला बांधून घरी न्यायचे. दर पावसाळ्यात डोंगर दगड खाली सोडतो, मग कुणीतरी ते वर न्यायला नकोत का, हा त्यांचा हिशोब. घराभोवती त्या धोंड्यांची छातीएवढी भिंत झाली होती. आत नाचणीच्या दोन पट्ट्या, चार शेळ्या, मधमाश्यांचं एक पोळं, ज्याला मामा हात लावत नसत, कारण मामींना त्यांची सोबत वाटायची. कारवी फुलली त्या वर्षी सगळा उतार जांभळा झाला होता. मामींनी मला कढीत भिजवलेली भाकरी दिली आणि विचारलं, “दादा, आमचा डोंगर मोजून झाला की पुन्याला घिऊन जाणार का काय?” मी तेव्हा मोठ्याने हसलो होतो.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वस्तीच्या वरच्या अंगाला, अंदाजे साठ मीटरवर, मला भेग दिसली. दोन बोटं रुंद, टेपने मोजून अडतीस मीटर लांब. दरडी कोसळून वस्त्या गाडल्या गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. मी गप्प बसू शकलो नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी अँगल दोन फूट जमिनीत ठोकला, साडेतीन फूट वर ठेवला. दोघांच्या टोकाला भोकं होती. या भोकापासून त्या भोकापर्यंत अंतर बरोबर एकशे वीस सेंटिमीटर. दर दुसऱ्या रविवारी मी ते मोजत असे. जुलैच्या मध्यावर एकशे एकवीस पूर्णांक दोन. ऑगस्टअखेर एकशे तेवीस पूर्णांक पाच. सप्टेंबर संपताना एकशे सत्तावीस पूर्णांक एक. चार महिन्यांत डोंगर सात सेंटिमीटर उघडला होता. त्यानंतर आम्ही वरचं काम थांबवलं.

मी आलेख काढला, पत्र लिहिलं, फोटो जोडले. तालुक्याहून दोन साहेब आले. त्यांनी भेग पाहिली, आलेख पाहिला, आणि असा आलेख समोर असताना वस्ती तिथेच राहू द्या म्हणणारी सही कुणीही केली नसती. पुढच्या पावसाळ्याआधी पाचही घरं खाली रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये आली. चार घरांना आनंद झाला. नळ, शाळा, एसटी. ते लोक अजून दिवाळीला माझ्या मोबाइलवर दिव्याचं चित्र पाठवतात.

मामा एकटे अडून बसले होते. रोज तिथून येतो-जातो, डोंगर उघडतोय तर मला कसं कळलं नाही, हा त्यांचा प्रश्न होता. मी आलेख त्यांच्यासमोर धरला. रेघ वर चाललेली त्यांना दिसली. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “तुमचा काटा आजवर खोटा बोलला न्हाय.” मग घरावरची कौलं आणि वासे त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवले आणि शेजाऱ्यांना शेड बांधायला देऊन टाकले. मामींनी मला विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, दोन पावसाळे मोजू. आकडा थांबला तर परत जायला हरकत नाही. त्यांनी बोटांवर दोन मोजले आणि मुठीत धरले.

पहिल्याच पावसाळ्यात शेडमध्ये मामींना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, वाचा अर्धी गेली. मुलगी त्यांना विश्रांतवाडीला घेऊन आली. जावई शाळेची व्हॅन चालवतो. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, लिफ्ट नाही. मी मामांना आमच्याकडे वॉचमन म्हणून लावलं. सकाळी सातच्या ड्यूटीसाठी ते पाच वाजता निघून दोन बस बदलत. खुर्ची दिली होती, पण ते तिच्यात बसत नसत. गेटच्या खांबाला पाठ लावून उभे असत. सोसायटीतल्या बायकांचे गॅस सिलिंडर, कुणाच्या सासूबाई, कुणाचं वॉशिंग मशीन, काहीही न विचारता जिन्याने वर नेत. मोबाइलवर पाहुण्यांची नोंद करायचं ॲप त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही.

दर गुरुवारी त्यांची सुट्टी. त्या दिवशी मामींना दवाखान्यात न्यायचं असे. तोच दोर, तेच गोणपाट. मामा त्यांना पाठीवर बांधून तीन मजले उतरवत आणि परत चढवत. मी एकदा औषधं घेऊन गेलो होतो तेव्हा पाहिलं. अडतीस किलो असतील त्या. मी मामांना विचारलं नाही, तेच म्हणाले, की आधी ही जागं पोर होती, आता झोपलेलं झालीय. मामी त्यांच्या खांद्यावरून, वाकड्या ओठांनी, तुटक तुटक म्हणाल्या, “चाळीस वर्सं… मी म्होरं. आता मागं.” आणि हसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “वर… कधी?”

दर भेटीत हाच प्रश्न. मी सांगायचो, अजून एक पावसाळा राहिलाय. वास्तविक पहिल्या पावसाळ्याचा आकडा माझ्याकडे होता. एकशे सत्तावीस पूर्णांक दोन. म्हणजे जवळजवळ काहीच हललं नव्हतं. पण एका वर्षाच्या आकड्यावर मी काही बोलत नाही. ती माझी शिस्त आहे. त्या शिस्तीला मी काय नाव द्यावं हे मला आता कळत नाही.

दुसरा पावसाळा संपला. मी एकटाच वर गेलो. एकशे सत्तावीस पूर्णांक एक. टेप गुंडाळताना मला प्रश्न पडला, की चार महिन्यांत सात सेंटिमीटर उघडणारा डोंगर, माणसं खाली गेल्याबरोबर थांबला कसा? माणसं गेली हे डोंगराला कसं कळलं?

मी ओळंबा सोडला. खालच्या बाजूचा अँगल सरळ होता. वरचा मागे, डोंगराकडे कलला होता. मग मी गवत बाजूला केलं आणि जमिनीलगत, बुंध्यापासून बुंध्यापर्यंत मोजलं. एकशे वीस पूर्णांक तीन. तीन मिलिमीटरचा फरक माझ्या टेपचाही असू शकतो. वरच्या अँगलची धार एका जागी घासून चकचकीत झाली होती आणि भोकात गोणपाटाचे दोन-तीन धागे अडकलेले होते.

मी तिथे किती वेळ बसलो ते मोजलं नाही. खाली मामांच्या घराच्या जागी मातीच्या भिंती दोन पावसाळ्यांनी विरघळल्या होत्या. धोंड्यांची रांग तेवढी होती.

सोमवारी गेटवर मी मामांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की वस्तीच्या वर, भेगेपाशी, तुमचा टेका होता का? मामांचा चेहरा उजळला. म्हणाले, होता की. आधी तिथे मातीचा कठडा होता, तो ढासळला, तेव्हापासून पंचाईत झाली होती. “मग तुम्ही त्यो दांडा रोवला. येकदम कमरंला. आमच्या हिला मी त्याच दिशी सांगितलं, आजवर लई लोकांनी ओझी दिली, टेका कुणी दिला न्हवता. पुन्याच्या साहेबांनी दिला.”

त्या पावसाळ्यात त्यांनी टेकवलेली ओझी आमचीच होती. चुना आणि वाळू. रविवारी मी मोजून ठेवलेली पोती ते आठवडाभर रोज एक वर नेत. माझ्या वहीत आहेत: एकशे सोळा खेपा. एकही पंचवीस किलोच्या वर नाही.

मी त्या दिवशी काही बोललो नाही. पुढचे चार महिनेही बोललो नाही. स्वतःशी मी कारणं मांडत होतो. घर राहिलेलं नाही, मामींना दवाखाना लागतो, सांगून उपयोग काय. सगळी कारणं बरोबर होती. पण मी सांगत नव्हतो ते त्यांच्यामुळे नाही. मला तोंड नव्हतं.

फेब्रुवारीत एका गुरुवारी जिना उतरताना मामांचा गुडघा गेला. त्यांनी मामींना पडू दिलं नाही. भिंतीला पाठ लावून घसरत खाली बसले आणि जावई येईपर्यंत तसेच बसून राहिले. त्यानंतर मामींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जावई आणि शेजारी उतरवायला लागले. मामा मागून चपला घेऊन यायचे. आठवडाभराने ते लंगडत ड्यूटीवर आले आणि माझ्या गाडीपाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, दोन पावसाळे कधीच झाले, साहेब, आकडा काय म्हणतो?

मी गाडी बंद केली. त्यांना गेटच्या केबिनमध्ये नेलं, पाहुण्यांच्या वहीच्या मागच्या पानावर दोन अँगल काढले, भेग काढली, कललेला अँगल काढला आणि सगळं सांगितलं. मध्ये एक कुरिअरवाला आला. मामांनी त्याला फ्लॅट नंबर विचारून वर सोडलं आणि परत कागदाकडे पाहिलं.

“म्हंजी डोंगर जागच्या जागी हाय.”

“हो.”

“मी दांडा ढकलला.”

मी म्हटलं, तुम्ही नाही. अँगल मी रोवला, वाटेत रोवला, तुम्हाला सांगितलं नाही तो कशासाठी आहे. आणि मोजलं टोकाला. बुंध्याशी मोजायला हवं होतं. गवत होतं, वाकावं लागलं असतं. चूक माझी आहे.

मामा म्हणाले, “चूक तुमची आसंल. पाठ माझी हुती.” मग कागद घडी करून माझ्या हातात देत म्हणाले, “मला वाटलं, माझ्यासाठी रोवलाय.”

मी घाईघाईने हिशोब सांगायला लागलो. आमचे आठ जण आहेत, डोली करू, अडीच-पावणेतीन तासांत मामींना वर नेऊ, घर उभं करायला दोन महिने धरू. मामा ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारलं, “वर न्याल. बेस्तरवारी खाली कोन आनंल?” गुरुवारचा दवाखाना माझ्या हिशोबात नव्हता. ते म्हणाले, चार घरं आता वर येणार नाहीत. तिला रात्रंदिवस माणूस लागतं. मलाच आता कशाला तरी धरून चढावं लागेल. शेजारी कोण, मधमाश्या?

ते म्हणाले, “तिला सांगू नका.” डोंगर आहे असं कळलं की ती म्हणणार, ने. रोज म्हणणार. आणि मी रोज नाही म्हणायचं? त्यापेक्षा डोंगर फुटलाय तेच बरं.

मी म्हटलं, मी सांगणार नाही. विषय काढणार नाही. ते म्हणाले, तेवढ्याने भागणार नाही. “माझं ती कधीच ऐकत न्हाय, साहेब. तुमच्या आकड्याचं ऐकती. ती इचारंल, तवा आकडा सांगा.”

मी आयुष्यात खोटा आकडा लिहिलेला नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. ते मला जमतच नाही, झोप लागत नाही. तरी त्या रविवारी मी विश्रांतवाडीला गेलो. खिडकीशी लोखंडी खाट होती. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. मामींच्या उशाशी जुन्या लुगड्याचं एक गाठोडं होतं. मुलगी म्हणाली, डोंगरावरून निघताना आईने बांधलं, तेव्हापासून सोडू देत नाही. पुसायलाही हलवू देत नाही. मामा दारापाशी भिंतीला पाठ लावून उभे होते आणि जमिनीकडे बघत होते.

मामींनी उजवा हात वर केला, बोटं पसरली आणि विचारलं, “किती?”

मी म्हटलं, “एकशे एकतीस पूर्णांक चार.”

पूर्णांकानंतरचे चारही मीच लावले. खरं वाटावं म्हणून.

“वाढला?”

“वाढला. अजून वाढतोय.”

त्यांनी बोटं मिटली. डोळेही मिटले. मला वाटलं झोप लागली. मग त्या मुलीला म्हणाल्या, “सोड ते.” मुलीला कळेना. मामींनी मान गाठोड्याकडे वळवली. मुलीने गाठ सोडली. गाठ इतकी आवळून बसली होती की दात लावावे लागले. आत एक विळा निघाला, एक नवं लुगडं निघालं आणि राख चोळलेली नाचणी, फडक्यात बांधलेली. दीड किलो असेल.

“दळून टाक.”

मुलगी म्हणाली, “आये, बी हाय त्ये. पेरायचं.”

“कुटं?” मामी म्हणाल्या. मग परत म्हणाल्या, “दळ.”

बुधवारी सकाळी मामा ड्यूटीवर आले तेव्हा हातात फडक्यात गुंडाळलेली नाचणीची भाकरी होती. मामींनी माझ्यासाठी पाठवली होती. साहेबांना द्या, आपल्यासाठी त्यांनी डोंगर मोजला, असं म्हणाल्या म्हणे. मला ऑफिसला उशीर होत होता. मी केबिनमध्ये उभ्यानेच खाल्ली. राख धुतली होती, तरी दाताखाली थोडी कचकचत होती. मामा गेटकडे तोंड करून उभे होते. मी संपूर्ण खाल्ली. फडकं झटकून त्यांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी ते उलगडून पाहिलं, काही उरलं आहे का म्हणून, आणि घडी करून खिशात ठेवलं.